जुन्या फोनचं दुखणं कुठलं?

बालमित्रांनो,

या आठवड्याच्या टपालात सातवीतल्या एका मित्राचं पत्र आलं आहे. शेवटी मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ‘बाई, माझं नाव छापू नका.’ नाही छापत, बाबा! पण पत्र मात्र छापते. कारण हा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात असणार.

‘बाई, बाबांनी नवा फोन घेतला आणि जुना मला अभ्यासाला दिला. शाळेतून आल्यावर पाच वाजता घेऊन बसलो की आठ वाजेपर्यंत बंद पडतो. साधा कॅलक्युलेटर उघडायलासुद्धा वेळ लावतो. दादाचा मित्र म्हणतो, कंपनीचं सॉफ्टवेअर काढून दुसरं टाकू. बॅटरी दुप्पट चालेल, फोन पळायला लागेल. त्याच्याकडे तीन-चार प्रकारचे रॉम आहेत. त्यातला कुठला टाकू?’

प्रश्न छान आहे. पण उत्तर देण्याआधी मी याला एक उलटा प्रश्न विचारणार आहे. बाळा, तुझ्या फोनचं दुखणं नेमकं कुठलं? दुखतंय पोट आणि औषध घातलं डोळ्यांत, असं तर होणार नाही ना?

गंमत बघा. तुमच्या हातातल्या फोनमध्ये दोन गोष्टी अशा आहेत, की दोघींचा जन्म एकाच वर्षी झाला. साल १९९१. त्या वर्षी सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी पहिल्यांदा बाजारात आणली. आणि त्याच वर्षी फिनलंडमधल्या हेलसिंकी शहरात लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ हा संगणकाचा गाभा लिहून सगळ्यांसाठी खुला केला. आज अँड्रॉइडच्या प्रत्येक फोनमध्ये हे दोघे शेजारी-शेजारी नांदतात. एक शक्ती पुरवते, दुसरा ती कुठे किती खर्च करायची ते ठरवतो. फोन दमला, तर दमलंय कोण? शक्ती देणारी, की खर्च करणारा? सगळा प्रश्न इथेच आहे.

आधी बॅटरीकडे जाऊ. बॅटरीच्या पोटात एका बाजूला ग्रॅफाइट असतं. हो, तुमच्या पेन्सिलीतलंच! ग्रॅफाइटला वहीच्या पानांसारखे थर असतात. चार्ज करताना लिथियमचे कण, म्हणजे आयन, दुसऱ्या बाजूने निघून या पानांमध्ये येऊन बसतात. फोन वापरताना ते परत जातात. रोज ये-जा, रोज ये-जा. पण प्रत्येक खेपेला थोडे कण ग्रॅफाइटवर जमणाऱ्या पातळ सायीत अडकून पडतात. ते पुन्हा कामाला येत नाहीत. उन्हात ठेवलेल्या किंवा सतत तापणाऱ्या फोनमध्ये हे आणखी भराभर होतं. काही शे वेळा चार्ज झाल्यावर बॅटरीची कुवत दिसण्याइतकी कमी होते. ही बॅटरी घडवण्यासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण ती कधीच म्हातारी होणार नाही, असं वरदान काही त्यांनाही देता आलेलं नाही.

आता वही-पेन्सिल घ्या. एक खराखुरा फोन घेऊ. रेडमी नोट ४ हा फोन आपल्याकडे जानेवारी २०१७ मध्ये विकायला आला. त्याची बॅटरी ४१०० एमएएचची. समजा, वापरताना तो सरासरी ४०० मिलीअँपिअर ओढतो. ४१०० भागिले ४००, म्हणजे सव्वादहा तास. आता समजा, बॅटरी झिजून अर्धी झाली. उरले २०५०. तोच फोन, तोच वापर, पण चालेल पाच तास सात मिनिटं.

आता या झिजलेल्या बॅटरीच्या फोनमध्ये आपण नवं सॉफ्टवेअर टाकलं. ते इतकं गुणी निघालं, की ४०० ऐवजी ३६० वरच काम भागवू लागलं. करा भागाकार! २०५० भागिले ३६०. उत्तर येतं पाच तास एकेचाळीस मिनिटं. म्हणजे एवढा खटाटोप करून मिळाला अर्धा तास आणि वर चार मिनिटं. आणि सॉफ्टवेअरला हातही न लावता नुसती बॅटरी नवी बसवली असती तर? पुन्हा सव्वादहा तास!

दादाच्या मित्राच्या ‘दुप्पट’चं काय झालं ते कळलं ना? बॅटरी झिजलेली असेल, तर जगातला कुठलाही रॉम तिला तरुण करू शकत नाही. फुटक्या माठाला नवं झाकण बसवून पाणी टिकत नाही.

मग रॉम बदलणं हा सगळा थापांचा बाजार आहे का? मुळीच नाही. दुखणं दुसऱ्या बाजूचं असेल, तर हेच औषध लागू पडतं. कसं, ते पाहू.

अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ मध्ये आला. अँड्रॉइडचा मूळ आराखडा खुला आहे. कोणीही वाचावा, हवा तसा बदलावा. फोनच्या कंपन्या तो घेतात आणि त्यावर आपला अंगरखा चढवतात. स्वतःची ॲप, स्वतःची दुकानं, काही जण तर जाहिरातीसुद्धा! त्यातलं बरंचसं आपण न बोलावता पडद्यामागे चालू असतं आणि बॅटरी खात असतं. शिवाय काही वर्षांनी कंपनी जुन्या फोनसाठी सुधारणा पाठवणं बंद करते.

इथे हौशी मंडळी पुढे येतात. स्टीव्ह कोंडिक या अमेरिकी प्रोग्रामरने २००९ मध्ये ‘सायनोजेनमॉड’ सुरू केलं. मूळ अँड्रॉइड घ्यायचं, अंगरखा उतरवायचा, सुधारायचं आणि सगळ्यांना फुकट द्यायचं. पुढे त्या नावाची कंपनी निघाली आणि २०१६ च्या अखेरीस तिने हे काम बंद केलं. पण आराखडा खुला होता ना! त्याच महिन्यात त्याच पायावर ‘लिनिएजओएस’ उभं राहिलं. आजही जगभरचे स्वयंसेवक एकेक फोन दत्तक घेतल्यासारखा सांभाळतात. अशा तयार सॉफ्टवेअरलाच लोक ‘कस्टम रॉम’ म्हणतात.

याने बॅटरी वाचते ती तीन कारणांनी. एक, बिनबोलावलेले पाहुणे जातात. दोन, अँड्रॉइडच्या नव्या आवृत्तीतल्या सुधारणा जुन्या फोनला मिळतात. उदाहरणार्थ, २०१५ च्या अँड्रॉइड ६ मध्ये ‘डोझ’, म्हणजे डुलकी नावाची सोय आली. फोन टेबलावर निपचित पडलेला असला, की ॲपनी दर मिनिटाला उठून बसायचं नाही. सगळ्यांनी आपापली कामं ठरलेल्या वेळी एकदम उरकायची आणि पुन्हा झोपायचं. तीन, बऱ्याच रॉममध्ये गूगलची ॲप नसतात, ती वेगळी घालावी लागतात. जेवढी कमी घालाल, तेवढं मागे चालणारं काम कमी. अर्थात, त्यांच्यावाचून काही ॲप चालतही नाहीत, हेही ध्यानात घ्या.

आणि कशाने फरक पडत नाही? पडदा भगभगीत ठेवलात, तर रॉम काय करणार? गावात रेंज एकच काडी असेल, तर फोन टॉवरला हाका मारून मारून दमणारच.

मग ओळखायचं कसं? तीन परीक्षा घ्या. तिन्ही फुकट.

पहिली परीक्षा: तीस टक्के दाखवता दाखवता फोन एकदम बंद पडतो का? मग बॅटरीवरच संशय घ्या. फोनची पाठ फुगली असेल, तर परीक्षा तिथेच थांबवा. चार्ज करू नका, दाबू नका, टोचू नका. घरातल्या मोठ्यांना लगेच दाखवा. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते.

दुसरी: रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर टक्के लिहून ठेवा. एक रात्र नेहमीसारखा, दुसरी रात्र विमान मोडमध्ये. नेहमीच्या रात्री खूप उतरला आणि विमान मोडमध्ये जेमतेम उतरला, तर चोर रेंजमध्ये किंवा एखाद्या ॲपमध्ये आहे.

तिसरी: बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ‘सेफ मोड’ असतो. त्यात आपण मागाहून घातलेली ॲप बंद राहतात. एक दिवस तसा वापरा. फोन पळू लागला, तर रॉम नको, ते चोर ॲप शोधून काढा! फोनची जागा गच्च भरलेली असेल, तर आधी ती रिकामी करा. तरीही रडगाणं चालूच असेल आणि बॅटरी ठणठणीत असेल, तर मगच रॉमचा विचार.

आता निवड. दादाच्या मित्राकडे तीन-चार रॉम आहेत म्हणे. कुठल्याची तारीफ मोठी, ते बघू नका. प्रत्येकाला हे पाच प्रश्न विचारा.

१. हा नेमका माझ्याच फोनचा आहे का? पुढच्या बाजूचं नाव पुरेसं नाही. प्रत्येक फोनला एक सांकेतिक नाव असतं. रेडमी नोट ४ चंच घ्या. या एका नावाचे दोन वेगळे फोन जगात विकले गेले. आत चिपसुद्धा वेगळी! एकाचं सांकेतिक नाव ‘मिडो’, दुसऱ्याचं ‘निकेल’. आपल्याकडे विकला गेला तो मिडो. एकाचा रॉम दुसऱ्यात घातला, तर फोन सुरूच होणार नाही. या धंद्यात त्याला ‘वीट होणं’ म्हणतात. आणि ही वीट अशी, की तिच्यावर विठोबासुद्धा उभा राहायचा नाही!

२. तो अजून कोणी सांभाळतंय का? शेवटची आवृत्ती कुठल्या तारखेची, सुरक्षेची शेवटची डागडुजी कुठल्या महिन्याची, ते बघा. चार वर्षं कोणी फिरकलं नसेल, तर ते ओसाड घर. आणि करणारा कोण, हे कळत नसेल, तर तो रॉम नको. ज्याच्या हातात फोनचा गाभा, त्याच्या हातात आपलं सगळं.

३. यात काय चालत नाही? चांगले लोक हे स्वतःहून लिहितात. कॅमेरा? बोटाचा ठसा? विशेषतः ‘व्होल्टी’, म्हणजे फोर-जीवरून बोलणं, बघा. जिओचं जाळं सुरुवातीपासूनच टू-जी, थ्री-जीशिवायचं. व्होल्टी चालत नसेल, तर जिओचं कार्ड घातलेल्या फोनवरून साधा कॉल लागायचा नाही. बॅटरी टिकली, पण आईला फोन लागला नाही, तर काय उपयोग?

४. माझ्या फोनला हे पेलेल का? सगळ्यात नवी आवृत्ती म्हणजे सगळ्यात चांगली, असं नसतं. नवी आवृत्ती जास्त रॅम मागते. दोन जीबीच्या फोनवर तिचं ओझं टाकलं, तर तो होता त्याहून मंद होईल. आणि ‘चिपचा वेग वाढवलाय’ अशी फुशारकी असेल, तर सावध! वाढलेला वेग वीज जास्त खातो आणि फोन तापवतो. तापलेल्या बॅटरीचं काय होतं, ते वर वाचलंत ना?

५. परतीची वाट आहे का? कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर पुन्हा घालता येईल, अशी फाइल आधी हाताशी हवी. विहिरीत उतरण्याआधी दोर बांधतात, उतरल्यावर नाही.

रॉमची फाइल उतरवून घेतली, की तिचा ठसा जुळवायचा. रॉम करणारे फाइलबरोबर चौसष्ट अक्षरांची एक माळ देतात. आपल्या संगणकावर त्या फाइलची माळ काढून पाहायची. एक अक्षर जरी वेगळं आलं, तरी फाइल अर्धवट उतरली आहे किंवा कोणी तिच्यात ढवळाढवळ केली आहे. टाकून द्या.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. हे मी तुम्हाला पुस्तकातून सांगत नाही, हात पोळवून घेऊन सांगते.

फोनच्या दारात ‘बूटलोडर’ नावाचा द्वारपाल असतो. तो कंपनीच्याच सॉफ्टवेअरला आत सोडतो. रॉम घालायचा, तर आधी त्याचं कुलूप उघडावं लागतं. काही कंपन्या ते उघडूच देत नाहीत. तिथे हट्ट सोडावा, चोरवाटा शोधू नयेत. आणि जिथे उघडतं, तिथे उघडताक्षणी फोनमधलं सगळं पुसलं जातं. सगळं! हे मुद्दामच तसं केलेलं आहे. नाहीतर चोराने फोन पळवला, कुलूप काढलं आणि आपले फोटो बघत बसला, असं व्हायचं.

काही वर्षांपूर्वी होळीच्या सुट्टीत मी माझ्या जुन्या फोनचं कुलूप उघडलं. फोटो आधी संगणकावर काढून घेतले होते. मोठ्या तोऱ्यात होते मी! रॉम बसला, फोन खरंच पळायला लागला, बॅटरीही पूर्वीपेक्षा जास्त टिकू लागली. आणि मग आठवलं. आवाज ध्वनिमुद्रित करणाऱ्या ॲपमधलं मी काहीच काढून घेतलं नव्हतं. ते त्या ॲपच्या स्वतःच्या कप्प्यात होतं, आणि तो कप्पा कोरा झाला होता.

त्यात माझ्या दुसरीच्या वर्गातल्या एका मुलीचं वाचन होतं. तिचे आई-वडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले, ती आजीजवळ राहिलेली. वर्गात कितीतरी महिने ती तोंड उघडत नव्हती. आणि फेब्रुवारीत एका दुपारी ती उभी राहिली आणि अक्षरावर बोट ठेवत, अडखळत, अख्खा धडा वाचला. मी पटकन फोन लावून ठेवला होता. तिच्या आईला निरोपही दिला होता, की परत आलात की ऐकवीन.

एप्रिलमध्ये आई शाळेत आली. म्हणाली, ‘बाई, पोरीचं वाचन ऐकवता ना?’

काय सांगणार? खरं तेच सांगितलं. ती काही बोलली नाही, ‘असू द्या, बाई’ एवढंच म्हणाली. मी मुलीला पुढे बोलावलं आणि तिने तोच धडा आईसमोर वाचला. आता ती घडाघडा वाचत होती. आई खूश झाली. पण मला माहीत होतं, की ते पहिलं अडखळणं ऐकायचा हक्क तिचा होता आणि माझ्या घाईने तो गेला. फोन चांगला पळत होता, हो. पण त्या दिवशी मला त्याचं काहीच कौतुक वाटलं नाही.

म्हणून माझा नियम लिहून घ्या. नक्कल काढली म्हणजे काम झालं, असं नाही. ती संगणकावर उघडून पाहिली, ऐकली, म्हणजे झालं. फोटो, आवाज, संदेश, फोननंबर, वहीची पानं. एकेक ॲप उघडून विचारायचं, ‘तुझ्याकडे काय आहे?’ आणि फोन ज्यांचा होता, त्यांनाही विचारायचं. तो फोन आज तुझा असेल, पण आठवणी बाबांच्या आहेत.

दोन शब्द पालकांसाठी. मूल असं काही विचारत असेल, तर रागावू नका. फोनच्या आत काय चालतं, हे समजून घ्यावंसं वाटणं हे चांगलंच लक्षण आहे. पण हे काम त्याने एकट्याने, लपूनछपून करू नये. तुम्ही शेजारी बसा. ज्या फोनवर तुमचे बँकेचे किंवा यूपीआयचे व्यवहार चालतात, तो या प्रयोगाला देऊ नका. कुलूप उघडलेल्या फोनवर बँकेची ॲप बऱ्याचदा चालायला नकार देतात, आणि असा फोन चोरीला गेला तर धोकाही जास्त. वॉरंटी शिल्लक असेल, तर तीही जाऊ शकते. आणि बॅटरी बदलायची, तर पाठ उकलण्याचा उद्योग घरी नको. जाणत्या कारागिराकडून, चांगल्या प्रतीची बॅटरी बसवून घ्या.

तर माझ्या सातवीतल्या मित्रा, ‘कुठला रॉम टाकू’ याचं उत्तर आज मी देणार नाही. तुझ्या पत्रात दोन गोष्टी नाहीत. फोन नेमका कुठला, आणि त्याची बॅटरी किती वर्षांची. त्या दोन गोष्टींवाचून उत्तर देणं म्हणजे नाडी न बघता पुडी बांधणं. दादाच्या मित्रालाही विचार, ‘दुप्पट’ हे तू मोजलंस, की ऐकलंस?

आणि तुम्हा सगळ्यांसाठी या आठवड्याचा उद्योग. वहीत चार रकाने आखा: वार, चार्जरवरून काढल्याची वेळ, पंधरा टक्के उरल्याची वेळ, आणि पडदा किती वेळ चालू होता. शेवटचा आकडा फोनच्या सेटिंगमध्ये सापडेल. सात दिवस लिहा आणि सरासरी काढा. पुढे बॅटरी बदला, रॉम बदला, नाहीतर नुसता पडद्याचा उजेड कमी करा, पण नंतर पुन्हा सात दिवस लिहा. दोन सरासऱ्या शेजारी ठेवल्या, की खरं काय ते वहीच सांगेल.

आकडे मला जरूर पाठवा. नाव छापायचं की नाही, तेही लिहा!

तुमची,
बाई